नव्या सिस्टरला पहिले तीन महिने मनुष्यबळात मोजू नका

प्रति,
राज्यातल्या खाजगी व धर्मादाय रुग्णालयांचे संचालक, वैद्यकीय अधीक्षक आणि अधिसेविका (मेट्रन) यांस,

सप्रेम नमस्कार.

नर्सिंगचे निकाल लागले की महिन्याभरात तुमच्या एचआरच्या दारात फाइल घेतलेल्या मुलींची रांग लागते. हल्ली मुलगेही बरेच असतात. फाइलमध्ये गुणपत्रिका, परिचर्या परिषदेचं नोंदणी प्रमाणपत्र, आधार, चार फोटो. मुलाखत दहा मिनिटांची, त्यातली सात मिनिटं पगार आणि हॉस्टेलची. 'सोमवारपासून या.' मंगळवारी तिचं नाव ड्युटीच्या तक्त्यात चढतं आणि पुढच्या आठवड्यात ती नाइटला असते, कधी कधी एकटी. माझं भांडण त्या तक्त्याशी आहे.

मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकते. नोंदणी मिळाल्यानंतरचं पहिलं वर्ष शिकण्याचं वर्ष धरा, आणि त्यातले निदान पहिले तीन महिने त्या मुलीला वॉर्डाच्या मनुष्यबळात मोजू नका.

मी बरीच वर्षं वॉर्डात काढली, मग कॉलेजात क्लिनिकल इन्स्ट्रक्टर म्हणून शिकवलं आणि आता पुन्हा वॉर्डात परिसेविका, म्हणजे वॉर्डाची प्रमुख सिस्टर, आहे. म्हणजे ज्यांना शिकवलं त्यातल्याच काहींना हाताखाली घेते. कॉलेजवाले आणि हॉस्पिटलवाले एकमेकांकडे बोटं दाखवतात तेव्हा दोन्ही बोटं माझ्याकडेच येतात.

या मुली तुमच्यापर्यंत कशा पोहोचतात ते बघा. बारावी सायन्स, सीईटी, प्रवेशाच्या फेऱ्या, मग चार वर्षं. २०२१ पासून बी.एस्सी. नर्सिंग सेमिस्टर पद्धतीचं झालं, एकूण आठ सेमिस्टर. शेवटच्या सेमिस्टरला २२ आठवड्यांची इंटर्नशिप, आठवड्याला ४८ तास. भारतीय परिचर्या परिषदेच्या अभ्यासक्रमात तिला 'रेसिडेन्सी पोस्टिंग' असंही म्हटलं आहे. कागद उत्तम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. सरकारी कॉलेजांत आणि स्वतःचं मोठं, भरलेलं रुग्णालय असलेल्या संस्थांत मुलींचा हात खरोखर बसतो, कारण तिथे पेशंटच इतके असतात की हात बसल्याशिवाय सुटका नाही. पण बऱ्याच कॉलेजांचं स्वतःचं रुग्णालय नावापुरतं असतं. मग मुलींना बसमध्ये घालून सिव्हिलला न्यायचं. तिथे आधीच दुसऱ्या दोन-तीन कॉलेजांच्या बॅचेस उभ्या. लघवीची नळी घालण्याच्या एका कॅथेटरायझेशनभोवती वीस एप्रन. पुढच्या दोघींना प्रोसिजर दिसते, मागच्यांना पुढच्यांच्या वेण्या दिसतात. लॉगबुकात मात्र सगळ्यांच्या नावापुढे 'परफॉर्म्ड' असतं. सबमिशनच्या आदल्या दिवशी त्या सह्या कशा होतात हे या व्यवसायातल्या कोणालाही विचारा. जीएनएम या तीन वर्षांच्या डिप्लोमाची कथा फार वेगळी नाही.

त्यानंतर नोंदणी. आपल्याकडे परवान्यासाठी वेगळी परीक्षा नाही. आरोग्य विज्ञान विद्यापीठाची किंवा जीएनएमच्या मंडळाची शेवटची परीक्षा पास झालं की महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे अर्ज करायचा, कागद तपासले जातात, नोंदणी होते, पुढे राष्ट्रीय नोंदवहीतला एनयूआयडी क्रमांक मिळतो. निकाल आणि नोंदणी यांच्या मधल्या काळात तुमच्यापैकी अनेक जण याच मुलींना 'ट्रेनी' म्हणून निम्म्या पगारावर घेतात. शिकाऊ असल्याचा फक्त पगार मिळतो, काम पूर्ण सिस्टरचं असतं. नोंदणी हातात आली की शिकाऊपणाही संपला असं मानलं जातं. एका रुग्णालयात मी एका मुलीला नोंदणीचा कागद आला त्याच दिवशी आयसीयूचे दोन व्हेंटिलेटरचे पेशंट सोपवलेले पाहिलेत. आयसीयूत एका पेशंटमागे एक परिचारिका असा निकष आहे हे तुम्हाला मी सांगायला नको.

कामातला एक प्रसंग सांगते. रुग्णालय कुठलं ते सांगणार नाही. रात्रीच्या जेवणाआधी एका आजोबांना दहा युनिट इन्शुलिन द्यायचं होतं. नातेवाइकांनी बाहेरून कुपी आणलेली, १०० युनिट प्रति मिलिलिटरची. वॉर्डाच्या ट्रेमध्ये सिरिंज लाल टोपणाच्या, म्हणजे ४० युनिट प्रति मिलिलिटरच्या कुपीसाठीच्या. मुलीने कुपीचं रबर स्पिरिटने पुसलं, सुई घातली, दहाच्या रेघेपर्यंत औषध ओढलं, बुडबुडा काढला. सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं, हात कुठे थरथरला नाही. पण ४० च्या सिरिंजवर दहाची रेघ म्हणजे पाव मिलिलिटर, आणि १०० च्या कुपीतलं पाव मिलिलिटर म्हणजे पंचवीस युनिट. शेजारच्या बेडचं ड्रेसिंग करत असलेल्या सिनिअर सिस्टरची नजर टोपणावर गेली. 'थांब गं, टोपण बघ आधी.' सुई थांबली. त्या सिस्टरला त्या दिवशी खरं तर ऑफ होता, दुसरीच्या रजेमुळे ती आली होती.

त्या मुलीला हे माहीत नव्हतं असं नाही. ४० ला लाल टोपण, १०० ला केशरी. कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच हवा. हे तिने पाठ केलेलं होतं. पेपरात आलं असतं तर गणितासकट उत्तर लिहिलं असतं. पण तेव्हा तिच्याकडे निम्मा वॉर्ड होता, एक ॲडमिशन चालू होती, डॉक्टर फोनवर ऑर्डर सांगत होते, मावशी चादरी संपल्या म्हणून विचारत होत्या आणि दारात कोणाचे तरी नातेवाईक आवाज चढवत होते. एवढ्या गोंधळातही टोपणाचा रंग बघायला न विसरणं, ही सवय आहे. ती कुणीतरी शेजारी उभं राहून, चार-सहा वेळा 'टोपण बघ' म्हटल्यावर लागते.

म्हणून हल्ली जे ऐकू येतं ते मला अर्धवट वाटतं. २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा झाला, १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी. तेव्हापासून चर्चासत्रांत, वेबिनारांत एक सूर लागतो: आपल्याकडेही अमेरिकेसारखी परवान्याची परीक्षा आणा, दर्जा आपोआप सुधारेल. परीक्षेला माझा विरोध नाही. अमेरिकेची एनक्लेक्स तर मला परीक्षा म्हणून आवडते. संगणकावर होते, उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, वेळ पाच तास. एप्रिल २०२३ पासून तिचं नवं रूप आलं, त्यात एकाच पेशंटची हकीकत उलगडत जाते आणि प्रत्येक टप्प्यावर तुम्ही काय टिपलं, आधी काय कराल, हे विचारतात. चार पेशंटपैकी आधी कोणाकडे जाल, हा प्रश्न तर आपल्या शेवटच्या वर्षाच्या पेपरात कधीचाच यायला हवा होता. आपण अजून व्याख्या द्या, प्रकार लिहा, टिपा लिहा यातच आहोत.

पण ज्या अमेरिकेकडे बोट दाखवून परीक्षा मागितली जाते, तिथे परीक्षेनंतर काय होतं हे कोणी सांगत नाही. परवाना मिळालेली नवी नर्स तिथे बऱ्याच मोठ्या रुग्णालयांत नर्स रेसिडेन्सीला अर्ज करते. त्याचे ठराविक हंगाम असतात, अर्ज, शिफारसपत्रं, मुलाखती, आणि चांगल्या ठिकाणी बरीच चुरस. निवड झाली की वर्षभराचा कार्यक्रम. सुरुवातीचे काही आठवडे किंवा महिने एका ठरलेल्या अनुभवी नर्सबरोबर, तिच्याच पाळीत, तिच्याच पेशंटवर. नंतर स्वतंत्र काम, पण महिन्यातून एकदा सगळ्या नव्या नर्स एकत्र बसतात: काय चुकता चुकता राहिलं, कोणता मृत्यू पचला नाही, डॉक्टरला रात्री दोनला फोन करायची भीती का वाटते. तिथल्या नर्सिंग कॉलेजांच्या संघटनेने मोठ्या रुग्णालयांच्या एका जाळ्याबरोबर असा वर्षाचा कार्यक्रम २००२ मध्ये सुरू केला. २०१० मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या अहवालाने अशी रेसिडेन्सी सर्वत्र असावी अशी शिफारस केली. हे पुण्यकर्म म्हणून चालत नाही. पहिल्याच वर्षात नव्या नर्स सोडून जातात आणि प्रत्येक जाणारीमागे भरतीचा, प्रशिक्षणाचा खर्च बुडतो, हे तिथल्या व्यवस्थापनांनी हिशेबात मांडलं. तिकडे सगळं गोड आहे असंही नाही. काही रुग्णालयं रेसिडेन्सीच्या बदल्यात दोन वर्षं थांबण्याचा करार लिहून घेतात, आधी सोडलं तर पैसे परत मागतात, आणि त्यावरून तिथेही भांडणं आहेत. पण करार करताना निदान समोर काहीतरी ठेवलेलं असतं.

माझी एक विद्यार्थिनी तिकडे आहे. ती इथला अनुभव घेऊन गेली, त्यामुळे नवशिक्यांच्या रेसिडेन्सीत बसली नाही, तिला साधं ओरिएंटेशन मिळालं. तरी फोनवर म्हणाली, 'मॅडम, पहिले कित्येक आठवडे माझ्या एकटीच्या नावावर एकही पेशंट नव्हता. मला वाटलं, मी फुकटचा पगार घेतेय.' मी तिला म्हटलं, घे बाई, इथली बाकी वसूल कर.

आता तुमचं म्हणणं. ते मला पाठ आहे, कारण मीटिंगांत मी समोर बसलेली असते. 'सिस्टर, आम्ही शिकवून तयार करायचं आणि वर्षभरात ती एम्सला किंवा जर्मनीला जाणार. मग आम्ही का शिकवायचं?' जातात, हे खरं आहे. इंटर्नशिपच्या ड्युटीत एप्रनच्या खिशातला मोबाइल काढून नॉरसेटचे, म्हणजे एम्सच्या नर्सभरती परीक्षेचे, एमसीक्यू सोडवणाऱ्या मुली मी रोज बघते. काही जणी पहाटे जर्मनचा क्लास करून ड्युटीला येतात. त्यांना बोल लावायला माझी जीभ वळत नाही, कारण तिकडे पगार आहे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने खाजगी रुग्णालयांसाठी शिफारस केली होती: २०० हून जास्त खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका पगार, १०० ते २०० खाटांना त्याहून फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० ला २५ टक्के कमी, आणि ५० पेक्षा लहान असलात तरी २०,००० च्या खाली नाही. दहा वर्षांपूर्वीचा आकडा आहे हा. तुमच्या पगारपत्रकाशेजारी ठेवून बघा, मी काही बोलत नाही.

पगार वाढवायचा नाही, शिकवायचं नाही, आणि थांबवायचं मात्र आहे, म्हणून मग बॉण्ड येतो. मूळ प्रमाणपत्रं कपाटात, वर एक कोरा चेक. या पद्धतीविरुद्ध भारतीय परिचर्या परिषदेने परिपत्रकं काढूनही मुली कागदांसाठी एचआरच्या खेपा घालताना दिसतात. प्रमाणपत्रं अडकवलेली मुलगी शरीराने वॉर्डात असते, मनाने कधीच गेलेली असते. आणि अशा मुलीच्या हातात तुम्ही रक्तदाब टिकवणाऱ्या नॉरअॅड्रेनॅलिनचा पंप देता.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे आणि ती तुम्ही वापरत नाही. एम्सची नॉरसेट जीएनएमवाल्यांकडून किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव मागते. परदेशी भरतीवालेही अनुभव मागतात, आणि नुसत्या पत्रावर भागत नाही, कुठल्या वॉर्डात, किती काळ, कोणत्या प्रोसिजर, हे विचारतात. म्हणजे या मुलींना तुमची गरज आहे. 'आमच्याकडे पहिलं वर्ष नीट शिकवतात, शेवटी खऱ्या सह्यांची नोंदवही देतात' असं जर तुमच्या रुग्णालयाचं नाव झालं, तर कोरा चेक न घेता मुली दोन वर्षं थांबतील. नर्सिंगच्या हॉस्टेलमध्ये अशी बातमी एका रात्रीत पसरते. वाईट तर त्याहून लवकर पसरते. कोणत्या रुग्णालयात जाऊ नये याची यादी प्रत्येक बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत असते. तुमचं नाव त्यात आहे का, ते एकदा कोणाकडून तरी विचारून घ्या.

'इंडक्शन देतो की आम्ही' असं म्हणाल. देता. एनएबीएचचं, म्हणजे रुग्णालयाच्या दर्जाच्या मानांकनाचं, इन्स्पेक्शन जवळ आलं की जास्तच देता. दोन दिवस हॉलमध्ये बसवून कचऱ्याची पिवळी, लाल पिशवी, निळा डबा आणि शार्प्सचा पांढरा डबा, आग विझवण्याचं प्रात्यक्षिक, रजेचे नियम, शेवटी सह्या आणि फोटो. हे लागतंच. पण त्यात कोणी तिला तिच्या वॉर्डाच्या क्रॅश कार्टचे, म्हणजे आणीबाणीच्या औषधांच्या गाडीचे, खण उघडून दाखवत नाही. पोटॅशियम क्लोराइडची कुपी कधीही सरळ शिरेत द्यायची नसते हे तिला माहीत असतं. ती तुमच्या वॉर्डात कुठल्या खणात, कशाशेजारी ठेवली आहे हे माहीत नसतं. धोका त्या शेजारात असतो.

मग काय करायचं? नवी मुलगी आली की तिला एक सिस्टर ठरवून द्या, नावानिशी. दोघींची पाळी एक, नाइट एक, ऑफ एक. त्या सिस्टरचे पेशंट त्या काळापुरते कमी करा, आणि तिला भत्ता द्या. हजार-दोन हजारही चालतील, पण पगाराच्या चिठ्ठीवर वेगळी ओळ दिसू द्या. आज हे काम सिनिअर सिस्टर फुकट करतात आणि वर 'तुझ्या मुलीने हे काय केलं' म्हणून बोलणीही खातात. नवीन मुलीने सुरुवातीला ओव्हर, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती, देताना सिनिअर शेजारी हवी. माझ्या अनुभवात नवशिकीचं अज्ञान सगळ्यात आधी ओव्हर देताना उघडं पडतं: 'पेशंट स्टेबल आहे' म्हणते, लघवीचं प्रमाण विचारलं की गप्प. तिथेच ती शिकते. प्रोसिजरच्या नोंदवहीत सही ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्याचीच. एकटीने नाइट नाही, पहिल्या तीन महिन्यांत तर नाहीच, आणि आयसीयू, नवजात बाळांचं एनआयसीयू, लेबर रूम असेल तर आणखी पुढे. वर्षभर महिन्यातून एकदा दोन तास सगळ्या नव्यांना ड्युटीच्या वेळेत एकत्र बसवा. ड्युटी संपल्यावर नको. बारा तास उभ्या असलेल्या मुली तिथे फक्त झोपतात. आणि त्या बैठकीत एचआरचा माणूस नको.

तीस-चाळीस खाटांची रुग्णालयं म्हणतील, आमच्याकडे सिनिअरच दोन आहेत. मान्य. मग तालुक्यातल्या चार-पाच जणांनी मिळून करा. एक अनुभवी ट्यूटर आळीपाळीने सगळीकडे फिरू शकते. निवृत्त पाठ्यनिर्देशिका आणि परिसेविका प्रत्येक गावात आहेत. त्यांना कोणी बोलावत नाही एवढंच.

अधिसेविका मॅडम, तुमच्याशी थोडं वेगळं बोलायचं आहे, आपल्यातलं आहे म्हणून. 'आम्हाला कोणी शिकवलं होतं? आम्हीही रडत रडतच शिकलो' हे वाक्य आता बंद करू या. नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांच्या नवशिकीपासून तज्ज्ञापर्यंतच्या पाच पायऱ्या आपण पेपरात लिहिल्या, मुलींकडूनही लिहून घेतो, आणि वॉर्डात आल्यावर पहिल्या पायरीवरच्या मुलीकडून चौथीची अपेक्षा धरतो. नव्या मुलीला मावशी-मामांसमोर, पेशंटसमोर फाडून बोललं की ती पुढच्या वेळी विचारत नाही. मी ज्या चुका निस्तरल्या त्यातल्या बऱ्याच अशा न विचारण्यातून झालेल्या होत्या. आणि ब्रदर आला की 'याला उचलाउचलीला घ्या, कॅज्युअल्टीला टाका' हेही थांबवू या. तोही चार वर्षं तेच शिकून आलाय.

महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे एकच विनंती. दर पाच वर्षांच्या नूतनीकरणासाठी आम्ही सीएनईचे, म्हणजे नोकरीतल्या सततच्या शिक्षणाचे, गुण जमवतो. त्यासाठी रविवारी एखाद्या सभागृहात बसून भाषणं ऐकतो, किट घेतो, जेवून घरी येतो. वर्षभर एका नव्या मुलीला हाताला धरून शिकवणाऱ्या सिस्टरला त्या कामाचेही गुण द्या. तुमचा एक रुपया खर्च होणार नाही, आणि वॉर्डात मुलींना शिकवायला कोणी तयार होत नाही ही ओरड निम्मी कमी होईल.

जोडीच्या ड्युटीचा महिन्याचा एक नमुना तक्ता मी साठ खाटांच्या रुग्णालयासाठी करून ठेवला आहे. ज्यांना हवा त्यांनी आपल्या अधिसेविकेमार्फत मागून घ्यावा. त्यात एकही जादा पद दाखवलेलं नाही. फक्त शिकवणाऱ्या सिस्टरच्या तीन नाइट कमी केल्या आहेत. त्या तीन रात्रींना माणूस कुठून आणायचा एवढं तुम्ही बघायचं आहे.

आपली,
एक परिसेविका